श्रीपत कोतवालाचा शब्द

आमच्या गावात सरकार पायी येतं आणि त्याच्या खांद्याला भोंगा असतो. साहेब लोक कर्जतच्या पलीकडे कुठेतरी राहतात. कशेळ्याच्या बाजारातून आत आमच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत येईस्तोवर सरकारचं सगळं सरकारपण गळून पडतं, आणि उरतो तो श्रीपत कोतवाल. मोबाइल घरोघरी आहेत, पण रेंज बेभरवशाची. शिवाय मेसेज वाचून काही करावं अशी आमच्या गावाला सवय नाही. बौद्धवाडीतून श्रीपत निघायचा, देवळाशी, स्टँडवर आणि शेवटी आमच्या वरच्या आळीत उभा राहायचा, आणि भोंगा तोंडाला लावून सुरू व्हायचा, ‘समस्त ग्रामस्थांना कळविण्यात येते की...’

मी आबाजी. घर वरच्या आळीत, डोंगराच्या अगदी पायाशी, आणि खाली स्टँडजवळ माझी पिठाची गिरण. श्रीपत आणि मी शाळेत एका बाकावर बसलो. त्यामुळे त्याच्याबद्दल वाकडं बोलायचा हक्क मला आहे. दुसऱ्या कोणी बोललं की मात्र माझं डोकं फिरतं.

त्याच्या आजोबांनी छप्पन साली धर्म बदलला तेव्हा गावकीची कामंही सोडली. दवंडीची हलगी त्यांनी चावडीच्या पायरीवर ठेवली आणि पुन्हा शिवली नाही. नातू बारावी झाला, रसायनीला ठेकेदाराच्या हाताखाली काही वर्षं राबला, ते काम सुटलं आणि कोतवालाची जागा निघाली तसा त्याने अर्ज केला. बाप भडकला.

“आज्यानं टाकलेलं तू उचलतोस?”

“परीक्षा देऊन मिळवलीय, बाबा. सरकारी जागा हाय. नि हलगीला मी हात लावणार नाय.”

म्हणून भोंगा आला. तो बघून बाप जे बोलला ते श्रीपतने मला गिरणीत बसून सांगितलं होतं. “हलगी नुसती वाजते रं. भोंग्यात तुझा गळा जातोय. आवाज तुझा नि बोलणं दुसऱ्याचं. जपून ऱ्हा.” आमच्या आळीतल्या काहींना पुन्हा त्याच घरचा माणूस दवंडीला आला याचा आनंद झाला होता. तो आनंद काही चांगल्या मनाचा नव्हता, हेही लिहून ठेवतो.

पण श्रीपतने त्या भोंग्याला एक रीत लावली, आणि ती रीत फक्त आमच्याच गावात आहे. भोंग्यातून सांगून झालं की लोक म्हणायचे, “श्रीपत, आता भोंगा खाली ठेव नि बोल.” मग तो भोंगा जमिनीवर ठेवायचा आणि नुसत्या तोंडाने सांगायचा. भोंग्यातलं सरकारचं, खालचं श्रीपतचं. गाव चालायचं ते खालच्यावर.

बिनधुराच्या चुली आल्या तेव्हा त्याने भोंग्यातून त्यांचे सगळे फायदे वाचले, मग भोंगा खाली ठेवून म्हणाला, “घेऊन ठेवा. आमच्याकडं बायकोनं त्यात कोंबडी बसवलीय.” गावभर त्या चुलींत कोंबड्या बसल्या. प्लास्टिकबंदीत कापडी पिशव्या वाटल्या गेल्या, त्या प्रत्येकी एकेका प्लास्टिकच्या पिशवीत घालून आल्या होत्या. श्रीपत काही बोललाच नाही, नुसती एक पिशवी दुसऱ्या पिशवीतून काढून दाखवली. झाडं लावायच्या मोहिमेत दरसाल तेच खड्डे उकरले जात. तेव्हा तो म्हणाला, “खड्ड्यात पाय मोडून घेऊ नका, येवढंच बघा.” आणि करोनाची लस आली, लोक घाबरून रानात पळायला लागले, तेव्हा त्याने भोंगा ठेवला आणि बाही वर केली. “मी घेतली. घ्या.” सगळ्या गावाने घेतली. सरकारला वाटलं आपल्या जाहिरातीने घेतली.

गेल्या उन्हाळ्यात ‘निर्धूर शिवार’ नावाची मोहीम आली. राब भाजू नका, असं फर्मान. राब म्हणजे काय ते शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. भाताची रोपं जिथे करायची त्या जागेवर उन्हाळ्यात शेण, झाडांच्या फांद्या, पातेरा म्हणजे वाळका पाला, गवत यांचे थर द्यायचे, वर माती पसरायची आणि वारा बघून भाजायचं. तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, आणि लावणीच्या वेळी रोपं मुळांसकट अलगद हातात येतात. धूर होतो. होतोच. आमचे डोळेही चुरचुरतात, आम्ही काही धुराचे भक्त नाही.

आळीत सगळ्यांत मोठं तोंड नागूचं, माझ्या शेजाऱ्याचं. तो म्हणाला, “फार्महाउसवाले शनवार-रयवार लाकडं पेटवून नाचतात, तो धूर काय अत्तराचा हाय? नि कारखान्यांच्या चिमण्या काय उदबत्त्या? सरकारला आमचाच पातेरा दिसला.”

आळीने माना डोलावल्या. मीही डोलावली.

मोहिमेच्या नम्रता मॅडम मात्र बऱ्या होत्या. वयाने लहान, स्कूटीवरून यायच्या, बांधावर चिखलात बसायच्या. त्या सांगायच्या, उंच वाफे करा, भाताच्या तुसाची राख घाला, तणावर फवारायचं औषध आम्ही देऊ. माझ्या बायकोने, इंदूने, त्यांना तोंडावर विचारलं, “धूर नको, पण इख चालतंय? आसं कसं गं बाय?” मॅडम हसल्या, पण रागावल्या नाहीत. ते श्रीपतला आवडलं. एक दिवस त्या त्याला स्कूटीवर मागे बसवून खालापूरच्या बाजूला एका शेतकऱ्याकडे घेऊन गेल्या. तिथे राब न भाजता उन्हाळी भाताची रोपं केली होती, हिरवीगार. श्रीपतने वाफ्यात हात घालून रोप उपटून बघितलं. परत आला तो माणूस निराळाच. आयुष्यात पहिल्यांदा त्याला भोंग्यातलं आणि खालचं एक झालेलं दिसलं, आणि त्याचा त्याला केवढा आनंद झाला होता! गिरणीत बसून लहान पोरासारखा बोलत होता.

देवळापुढे माणसं जमली. श्रीपतने वाचून दाखवलं. नागू म्हणाला, “ठेव खाली नि बोल.”

श्रीपतने भोंगा ठेवला. “मी डोळ्यांनी बघितलंय. नका भाजू. मी नाय भाजणार.”

गावात राब न भाजणं म्हणजे लग्नात नवरी न आणण्यासारखं. पण खालचा शब्द आजवर खोटा पडला नव्हता. आमच्या आळीने राब भाजला नाही. रचलेला पातेरा तसाच कुजला. मीही भाजला नाही, आणि इंदूचे टोमणे खाल्ले.

श्रीपतची बायको चंद्राबाई मात्र काहीच बोलली नाही. ही बाई मिठाच्या दरावरून बाजार डोक्यावर घेणारी. ती गप्प बसली तिथेच नवऱ्याने ओळखायला हवं होतं.

पेरणी झाली, पाऊस लागला, आणि रोपांच्या आधी गवत वर आलं. औषध यायचं होतं. त्याच आठवड्यात नम्रता मॅडमची बदली झाली. कुठे, ते त्यांनाही धड ठाऊक नव्हतं. त्यांनी श्रीपतला फोन करून सांगितलं, रडल्याही म्हणे. नवीन माणसाची नेमणूक व्हायची होती. औषध गोडाऊनला होतं, पण द्यायचं कोणी ते ठरलं नव्हतं. श्रीपत एक दिवसाआड मोहिमेच्या ऑफिसच्या पायऱ्या चढला. “येईल” एवढंच त्याला तिथे मिळालं. तेवढंच घेऊन तो परत यायचा आणि आम्हाला “येईल” म्हणून द्यायचा. पद्धत वाईट होती असं मी अजूनही म्हणणार नाही. पण पद्धतीला वेळेवर माणूस लागतो, आणि सरकारकडे पद्धती भरपूर, माणूस नाही.

रोपं पिवळी पडली, गवताने त्यांना गिळलं. उपटायला गेलो तर जमीन धरून बसलेली, रोप हातात आणि मूळ मातीत. बायकांची बोटं सोलून निघाली. दुसऱ्या गावांतून रोपं मागून आणायची वेळ आली आणि मागायला जाणाऱ्याची मान खाली.

अशात एक दिवस भर दुपारी दहिवलीकडून एक टेंपो आला आणि स्टँडवर थांबला. मागे रोपांच्या मुठी रचलेल्या, हिरव्या, तजेलदार, मुळं पांढरीशुभ्र. पुढे ड्रायव्हरच्या शेजारी चंद्राबाई.

नागू गिरणीत दळण घेऊन उभा होता. तो बाहेर गेला, एक मूठ उचलली आणि मुळांचा वास घेतला.

“भाजलेल्या जमिनीतली हाय,” तो म्हणाला. “कोणाची गं ही?”

“माझ्या भावाच्या शेतातली,” चंद्राबाई म्हणाली. “बी माझं, राब त्याचा. मीच भाजून घेतला. चोरी नाय केली.”

तोवर कोणीतरी सांगितलं म्हणून श्रीपत धावत आला. त्याचा चेहरा मी बघितला आहे. त्याला काहीही ठाऊक नव्हतं, हे मी कोणत्याही देवाची शपथ घेऊन सांगेन. पण चेहरा बघायची सवड कोणाला होती?

“आमाला सांगितलंस नका भाजू,” नागू म्हणाला, “नि बायकोला म्हायेरी धाडलीस भाजायला. बरी रीत हाय. वरचं सरकारचं, खालचं आमचं, नि घरातलं निराळं.”

“मला म्हायीत नव्हतं रं, नागू. पोरीच्यान् सांगतो.”

“त्यानला नव्हतं म्हायीत,” चंद्राबाई खाली उतरत म्हणाली. मग सगळ्यांसमोर नवऱ्याकडे वळून म्हणाली, “तुमच्यावर माझा इस्वास हाय. तुमच्या भोंग्यावर नाय. वर्साचं भात मी त्याच्या तोंडी देऊ?”

यात तिचं काय चुकलं? मी आजवर शोधतो आहे, मला सापडलेलं नाही. तिने घर वाचवलं आणि त्याच हाताने नवऱ्याचा शब्द संपवला, आणि दोन्ही गोष्टी तिने एकाच मायेने केल्या. श्रीपत तिच्यावर रागावूही शकला नाही.

संध्याकाळी त्याने मुठींचा भारा डोक्यावर घेऊन आमच्या बांधांवर नेऊन ठेवला, जो मागेल त्याला. चंद्राबाई म्हणाली होती म्हणे, “वाटा. पण मग चुलीवर काय भोंगा शिजवू?” तरी त्याने निम्म्या वाटल्या. मी माझ्या घेतल्या. नागूने त्या आपल्या बांधावरच पडू दिल्या, पाण्यात टाकल्यासुद्धा नाहीत. रोपं वाळवत ठेवणारा शेतकरी मी पहिल्यांदा पाहिला. इतका राग त्याच्या पोटात असेल असं मला वाटलं नव्हतं.

आमच्याकडे लावणी पाळीने होते. आज सगळ्या बायका एकीच्या शेतात, उद्या दुसरीच्या. चंद्राबाईच्या पाळीला एकही बाई आली नाही. इंदूलाही मी जा म्हणालो तर ती म्हणाली, “मी येकटी जाऊन काय दिवा लावू? उद्या माझ्या शेतात कोन येईल?” चंद्राबाई आणि श्रीपत आणि कर्जतच्या दुकानातली रजा काढून आलेली त्यांची पोरगी मनाली, अशी तिघं पावसात वाकून लावत होती. गाण्याशिवाय लावणी फार विचित्र दिसते.

मी श्रीपतला म्हणालो, “सोड ती कोतवाली.”

तो म्हणाला, “सोडली तर म्हनतील, चोर पळाला. नाय सोडली तर चोर रोज समोर दिसतो. सांग, कंचं बरं?”

त्याने दवंडी चालू ठेवली. लोक ऐकायचे, पण “भोंगा खाली ठेव” असं आता कोणी म्हणत नव्हतं. तो तसाच थोडा वेळ थांबायचा, कोणी म्हणेल म्हणून, आणि मग पुढे जायचा. ते थांबणं मला बघवत नसे. मी गिरणीचा पट्टा चढवायच्या निमित्ताने पाठ फिरवायचो.

मग तो पाऊस आला. तीन दिवस डोंगर दिसला नाही, नुसता आवाज. चौथ्या दिवशी संध्याकाळी श्रीपत वर आला. वरून आदेश होता, वरच्या आळीने रात्र शाळेत काढावी, दरडीचा धोका आहे. खालापूरच्या बाजूला एक वाडी डोंगराखाली गेली त्याला काही फार वर्षं झाली नाहीत. आधीच्या पावसाळ्यात असाच आदेश आला होता, तेव्हा श्रीपतने भोंगा ठेवून नुसतं “चला” म्हटलं होतं आणि आख्खी आळी वळकट्या घेऊन निघाली होती.

या वेळी त्याने भोंग्यातून सांगितलं. दारं उघडली, पण पायरी कोणी उतरलं नाही. मग कोणी न सांगताच त्याने भोंगा चिखलात ठेवला आणि ओरडला, “आरं चला रं! माझं आयका. वरच्या अंगाला जमिनीला भेग गेलीय, मी बघून आलोय.”

नागू दारातून म्हणाला, “तू बघून आलास? खालापूरलाबी बघून आलावतास.”

कोणीतरी हसलं. श्रीपत दारोदार गेला. माझ्याही दारात आला. मी म्हणालो, “म्हशी कोण बघणार रं? बघू सकाळी.” तो निघून गेला. कळलं ते असं की तो शाळेत जाऊन सतरंज्या घालून बसला, आळी येईल म्हणून.

सकाळी पाऊस जरा उघडला. डोंगर जागेवर होता. नागू तोंड धुता धुता डोंगराला नमस्कार करून म्हणाला, “कोतवालसाहेब, पंचनामा करा, डोंगर पळून गेला नाय.” आळी पोट धरून हसली.

वीज नव्हती, गिरण बंद होती, मी नुसताच जाऊन बसलो होतो. श्रीपत आला, पोत्यावर बसला. डोळे तांबडे झाले होते.

“आबाजी, येक सांगू? कोनाला बोलू नको.”

“बोल.”

“उजाडलं नि पयलं मी वर बघितलं. डोंगर हाय तिथंच. नि मला वाईट वाटलं रं.” तो जमिनीकडे बघत होता. “वाटलं, थोडा तरी आला आसता. म्हंजे मानलं आसतं लोकांनी. मी आसा मानूस नव्हतो, आबाजी.”

त्या डोंगराच्या आणि माझ्या चुलीच्या मध्ये परसातली एक पपई आहे, बाकी काही नाही. मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण रात्रभर मीही उशाशी बॅटरी घेऊन जागाच होतो. मला त्याचं खरं वाटत होतं. भेग आहे असं श्रीपत म्हणाला म्हणजे भेग आहे. पण आळीत पहिल्यांदा वळकटी घेऊन उतरणारा मी झालो असतो तर राबाच्या वेळीही तो खरंच बोलला होता, असं मी सगळ्यांच्या वतीने मान्य केल्यासारखं झालं असतं. शेजाऱ्याशी जन्मभराचं वैर कोण घेईल? मी त्याला यातलं काही सांगितलं नाही. चहा मागवला.

दुपारी पुन्हा अंधारून आलं आणि त्याचा फोन वाजला. तोच आदेश. तो वर आला तेव्हा मी ओसरीवर बसलो होतो. समोर नागू आपल्या दारात, सुपारी कातरत, माझ्याकडे बघत.

“आबाजी, तू तरी ऊठ,” श्रीपत हळू आवाजात म्हणाला. “तू उठलास तर चार घरं उठतील.”

मी नागूकडे बघितलं. मग म्हणालो, “उघडेल रं पाऊस.”

श्रीपतला वर कळवायचं होतं की दवंडी दिली. त्याने भोंगा उचलला, बटण दाबलं, आणि माझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहून, माझ्याच तोंडाकडे बघत सुरुवात केली, “समस्त ग्रामस्थांना कळविण्यात येते की, दरड कोसळण्याचा धोका असल्याने आपण तात्काळ आपली घरे सोडावीत...” कानठळ्या बसत होत्या. त्याने शेवटपर्यंत वाचलं. इतक्या जवळून ऐकूनही मी उठलो नाही.